निळी नळी विटकरी झाली तेव्हा

अक्का, नमस्कार.

मी तुम्हाला आठवणारही नाही. रोज किती नळ्या तुमच्या हाताखालून जातात! खानापूर तालुक्यातून आलेली, 9 दिवसांचं पिवळंधमक पोर पदराखाली घेऊन बेळगावात तुमच्या लॅबबाहेर बसलेली बाळंतीण ती मी. त्याआधी एका दवाखान्यातून "साधी कावीळ आहे, कोवळं ऊन द्या" म्हणून परत पाठवलेलं. घरी दृष्ट काढून झालेली. पोर प्यायचं आणि भडाभडा ओकायचं, की मी पुन्हा छातीशी धरायची.

लघवीच्या पट्टीवर साखर निल आली. तुमचं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण तुम्ही कपाटातून बेनेडिक्टची, साखर ओळखणाऱ्या निळ्या औषधाची बाटली काढलीत, 5 मिली निळ्या द्रावणात लघवीचे 8 थेंब टाकून नळी तापवलीत. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग चक्क विटकरी. "सक्री ऐति," साखर आहे, असं कानडीत स्वतःशीच पुटपुटत तुम्ही नळी घेऊनच डॉक्टरांकडे पळालात.

पट्टीला फक्त ग्लुकोज कळतं, हे मला मागाहून समजलं. दुधातली साखर फुटली की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज निघतं. त्या गॅलॅक्टोजचा निकाल लावणारं गॅल्ट नावाचं एन्झाइम माझ्या लेकाच्या अंगात नाही. म्हणजे माझंच दूध त्याचं लिव्हर खात होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला 4 वर्षं लागली, अक्का. एन्झाइमचा रिपोर्ट बाहेरगावाहून यायचा तेव्हा आला. दूध मात्र डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तोडलं आणि सोयाची पावडर सुरू केली. ओकाऱ्या थांबल्या, कावीळ उतरली. मी रात्री मोरीत बसून पान्हा पिळून टाकायची.

नवरा माझा आतेभाऊ. दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं. पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक धोका आहेच. "सून घरातलीच केली" म्हणून मिरवणाऱ्या आत्या ते ऐकून दोन दिवस जेवल्या नाहीत.

बोलायला त्याला उशीर झाला, अजून शब्द अडखळतात. पथ्य पाळूनही असं होतं, म्हणे. दारात म्हैस आणि त्याला दही-ताक बंद. काही गोळ्यांतही लॅक्टोज, म्हणजे तीच दुधातली साखर, असतं, म्हणून मेडिकलवाल्याला पाकीट वाचायला लावते. वैतागतो. वैतागू दे.

गणपतीत येतो आहोत. बेळगावकराला कुंदा काय द्यायचा म्हणा, पण आणणार. त्याच्या खिशात शेंगदाणा-गुळाचा लाडू असतो. त्यातला अर्धा तो तुमच्यापुढे धरेल. घ्या हं.

तुमची,
पदराखाली पोर घेतलेली ती