बाळाच्या काविळीचा रंग आणि आकडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाळाला पाहून बाबा म्हणाले, "आज पिवळेपणा उतरलेला दिसतो, आता रक्त तपासायला त्याची टाच टोचणे थांबवायला सांग." आई, तू काहीच बोलली नाहीस, पण तुझे डोळे मला दिसले. फोनवर मला रडू येते आणि सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्र.

बाळ 32 व्या आठवड्यात आले आणि वजन भरले 1,450 ग्रॅम. तांबड्या पेशी मोडल्या की पिवळे बिलिरुबिन तयार होते आणि ते बाहेर टाकण्याजोगे करण्याचे काम यकृताचे. दिवस भरलेल्या बाळाचे यकृतही पहिले काही दिवस या कामात मागे पडते. आपल्या बाळाचे तर त्याहून कोवळे आहे. शिवाय बिलिरुबिनला रक्तात धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन अशा बाळांत कमी असते, त्यामुळे सुटे राहिलेले बिलिरुबिन मेंदूत शिरण्याची भीती कमी आकड्यालाच सुरू होते. पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळाच्या दर डेसिलिटर (100 मिलिलिटर) रक्तात चौथ्या दिवशी 12 मिलिग्रॅम बिलिरुबिन आले तर अनेकदा नुसते लक्ष ठेवतात, पण आपल्या बाळासाठी डॉक्टरांनी बिलिरुबिन उतरवणारे निळे दिवे लावायची रेषा 10 वर आखली होती.

डोळ्यांनी हे ओळखता येत नाही, बाबा. कावीळ चेहऱ्यावरून पायांकडे उतरते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ आणि लालसर असते की खालचा पिवळेपणा त्या लालीत लपून जातो. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी कपाळावर टेकवायच्या यंत्राने मोजले तेव्हा 8.6 आले, रेषेच्या इतके जवळ म्हणून लगेच रक्त तपासले, तर 10.4. यंत्र बिघडलेले नव्हते. ते कातडीत मुरलेला पिवळेपणा प्रकाशाने मोजते आणि त्यावरून रक्तातल्या बिलिरुबिनचा अंदाज देते. त्या दिवशी नुसत्या अंदाजावर थांबलो असतो, तर दिवे लागायला उशीर झाला असता.

आणि आता दिवे लागल्यावर तर रंगाचा भरवसा अजिबात नाही. बाबा, तुम्ही कोवळे ऊन दाखवण्याविषयी विचारले होते. त्या उन्हाचीच एक हकिगत सांगते. इंग्लंडमधल्या रॉचफोर्ड येथील रुग्णालयात 1956 च्या सुमारास वॉर्ड नावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले, त्याचे सारे अंग फिकट झाले होते आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळाधमक राहिला होता. पुढे तिथेच उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिनही घटलेले आढळले, आणि 1958 मध्ये डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या उपचाराविषयी लेख प्रसिद्ध केला. आज उन्हाऐवजी दिवे वापरतात, कारण उन्हाची मात्रा ठरवता येत नाही आणि एवढ्या लहान जिवाला त्यात गारठा किंवा चटका बसू शकतो. पण तो त्रिकोण मी रोज आठवते. काल तुम्हाला दिसली ती दिव्यांनी फिकी केलेली कातडी होती, आणि काल सकाळचा रक्तातला आकडा 11.2 होता.

आई, टोचणे कसे असते तेही सांगते, म्हणजे तू मनात त्याहून वाईट चित्र रंगवणार नाहीस. सिस्टर आधी टाच कोमट कपड्यात धरून ऊब देतात, मग टाचेच्या मधोमध नाही तर कडेला टोचतात. थेंब फुगून येतो, बारीक काचनळी टेकवली की आपोआप आत चढतो, आणि ती नळी उजेड लागू नये म्हणून लगेच झाकतात. रॉचफोर्डच्या नळीसारखे होऊ नये म्हणूनच. तेवढा वेळ बाळाच्या वरचे दिवेही बंद असतात आणि माझे बोट त्याच्या मुठीत असते. त्याच्या सगळ्या अंगात मिळून जेमतेम 130 मिलिलिटर रक्त आहे, त्यामुळे इथे कोणी एक थेंबही उगाच घेत नाही.

आज सकाळी 9.1 आले. उद्यापर्यंत असेच उतरत राहिले तर दिवे बंद करतील, आणि आकडा पुन्हा उसळत नाही ना हे पाहायला 12 ते 24 तासांनी रक्त घेतील. तेव्हाही ते रडेल, आणि मी थांबवायला सांगणार नाही.

बाबा, एका वहीत प्रत्येक आकडा तारीख आणि वेळेसह लिहून ठेवाल का? किती तासांत किती चढला वा उतरला, हे डॉक्टर दर वेळी विचारतात आणि माझ्या झोपेचे काही खरे नाही. कालचे 11.2 सकाळी सहाचे, आजचे 9.1 सकाळी साडेसहाचे.

तुमची,
लेक