कंडोम वापराची टक्केवारी मान्य करण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

एचआयव्ही प्रतिबंधासाठी देहविक्री करणाऱ्या महिलांना त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारले जातात. त्या उत्तरांवरून कुठल्या जिल्ह्यात जोर लावायचा याचे निर्णय होतात. म्हणून विनंती, समोरासमोरच्या मुलाखतीतली कच्ची टक्केवारी जिल्ह्याचे चित्र म्हणून स्वीकारू नका.

कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्त्यानेच 'दर वेळी वापरता ना?' असे विचारले, तर 'नाही' म्हणायला धाडस लागते. कर्नाटकात यासाठी मतदान-कक्ष पद्धत वापरली गेली आहे. दहा-बारा जणी एकमेकींना दिसणार नाहीत अशा आडोशाने बसतात. प्रत्येकीकडे प्रश्नांचे क्रमांक घातलेली कार्डे असतात, आणि 'हो', 'नाही', 'लागू नाही' अशा तीन पेट्या. प्रश्न मोठ्याने वाचला की त्या क्रमांकाचे कार्ड पेटीत टाकायचे. शेवटी पूर्ण गटाची कार्डे एकत्र मोजायची. कोण काय म्हणाली ते कुणालाच कळत नाही. अर्थात, उत्तर व्यक्तीशी जोडलेले नसल्याने वयाशी किंवा स्थलांतराशी त्याचा संबंध तपासता येत नाही. त्यासाठी मुलाखती लागतातच. एकाच भागात दोन्ही करा, म्हणजे मुलाखतीत किती लपते याचा अंदाज येईल.

दुसरी चूक निवडीतली. हॉटस्पॉटवर, म्हणजे ग्राहक मिळण्याच्या ठरलेल्या ठिकाणी, आठवड्याचे सातही दिवस उभी राहणारी महिला दोनच दिवस येणारीपेक्षा साडेतीन पट सहज नमुन्यात येते. 'आठवड्यातून किती दिवस येता?' हा प्रश्न विचारून पहिलीला १/७, दुसरीला १/२ असा भार (हिशेबातले वजन) द्यावा लागतो. तो प्रश्न फॉर्मवर नसेल तर नंतर काहीही दुरुस्त होत नाही.

एका हॉटस्पॉटवरच्या महिलांची उत्तरे एकमेकींसारखी असतात, हेही हिशेबात धरायला हवे. २० हॉटस्पॉटवरून प्रत्येकी २० जणी घेतल्या आणि गटांतर्गत सहसंबंध (एकाच ठिकाणच्या उत्तरांमधले साम्य) ०.०५ निघाला, तर नमुन्याच्या संख्येला भागायचा आकडा १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ येतो. म्हणजे ४०० मुलाखतींचे वजन जेमतेम २०५ एवढे. ५० टक्क्यांच्या अंदाजाभोवतीची संभाव्य चूक ±४.९ टक्क्यांवरून ±६.८ टक्क्यांवर जाते. अशा आकड्यांत दोन वर्षांमधला चार टक्क्यांचा फरक 'यश' म्हणून जाहीर करणे आम्हाला मान्य नाही.

ग्राहक आणि कायमचा जोडीदार यांच्यासोबतचा कंडोम वापर तर कधीच एकत्र करू नये. घरच्या माणसासोबत तो बहुधा बराच कमी असतो, आणि एकत्रित टक्केवारीत नेमका तोच धोका बुडतो. जोडीदारांच्या संख्येची सरासरीही फसवी असते : १०, २०, ५० असे ढोबळ आकडे सांगितले जातात आणि मोजक्या मोठ्या आकड्यांनी सरासरी फुगते. मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) द्या, प्रतिगमन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजणे) करायचे तर ऋण द्विपद प्रतिमान, म्हणजे असे खूप विखुरलेले मोजणीचे आकडे हाताळणारी पद्धत, वापरा.

पुढच्या सर्वेक्षणाच्या निविदेतच भार, विश्वासांतर (अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) आणि नकार देणाऱ्यांची संख्या छापण्याची अट घाला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातली गोपनीयता पाळून, हॉटस्पॉटची नावे आणि ठिकाणे काढून टाकून, माहितीसंच संशोधकांना खुला करा.

आपले,
आरोग्य सर्वेक्षणात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ