रमाबाईंची पहिली चोवीस वर्षं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

व्याख्यानाचा आराखडा मिळाला. पंडिता रमाबाईंवर बोलायचं ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. पण तू सुरुवात करतोस १८७८च्या कलकत्त्यापासून आणि दहा मिनिटांत पोचतोस २९ सप्टेंबर १८८३ ला, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या बाप्तिस्म्यापाशी. असं मांडलंस तर सभागृहात एकच प्रश्न उरेल: एवढी शास्त्रं जाणणारी बाई ख्रिस्ती का झाली? आणि उरलेला वेळ त्यावरच्या जुन्या वादात जाईल. माझं मत असं की १८८३ पर्यंत खरी गोष्ट घडून गेलेली होती. ती जन्मापासूनच्या चोवीस वर्षांत आहे, म्हणून तीच जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा वडील. अनंतशास्त्री डोंगरे यांना तू एका वाक्यात ‘सुधारक’ म्हणून मोकळा झालास. शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्यांना त्यातून प्रार्थना समाज, इंग्रजी शाळा असं काहीतरी आठवेल. अनंतशास्त्र्यांचा त्या जगाशी काही संबंध नव्हता. स्त्रियांनी संस्कृत शिकावं हा विचार त्यांना पेशवाईत मिळाला. पुण्यात ते रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यात जात, कधी हा शिष्यही बरोबर असे. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक त्याने तिथे ऐकले आणि आपल्या बायकोला शिकवायचं असं ठरवून टाकलं. पहिल्या संसारात ते जमलं नाही, घरच्या वडीलधाऱ्यांनी चालू दिलं नाही. ती पत्नी वारल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीच्या घाटावर एका यात्रेकरू गृहस्थाने त्यांना कूळ-गोत्र विचारलं आणि आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ केली. शास्त्रीबुवा ४४ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि मुलगी जवळजवळ ९०० मैल दूर गेली. हे झाकू नकोस. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे सगळ्यांचा रोष पत्करणारा माणूस नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करतो आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. त्याची सुधारणा एकाच दिशेने धावत होती.

या मुलीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी खरोखरच शिकवलं. गावात कुजबुज झाली, प्रकरण उडुपीच्या माध्व मठाच्या धर्मसभेपुढे गेलं. शास्त्रीबुवांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले आणि बहिष्कारातून सुटले. तरी गाव सोडून सह्याद्रीच्या रानात गंगामूळला राहायला गेले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती तिथे उगम पावतात. रमाचा जन्म तिथलाच, एप्रिल १८५८ चा. तीर्थाची जागा म्हणजे यात्रेकरूंची रीघ, शिवाय शिकायला आलेले विद्यार्थी. सगळ्यांना जेवू घालायचं, आणि कोणाकडून काही घ्यायचं नाही. कर्ज वाढलं, जमीनजुमला गेला. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब डोंगर उतरलं ते कायमचं. तिला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका माणसाने डोक्यावरून खाली आणलं.

आता शिक्षण. वडील थकले होते, म्हणून रमाला आईनेच शिकवलं, आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. दिवसभर कामं, म्हणून पाठ उजाडायच्या आधी. मुलगी झोपेत असायची, तिला गोंजारून उठवायचं आणि तोंडी संथा द्यायची. पुस्तक हातात नसे. संथेची रीत तुला ठाऊक आहेच: आधी चरण, मग अर्धा श्लोक, मग पूर्ण श्लोक. बाराव्या वर्षापर्यंत तिला भागवत मुखोद्गत होतं असं सांगतात. परंपरेच्या गणतीने भागवताचे श्लोक १८,०००. चार वर्षांत ते पाठ व्हायचे तर रोज बारा-तेरा नवे श्लोक, आणि जुन्यांची उजळणी वेगळी. अनुष्टुभ छंदात ३२ अक्षरांचा साचा असतो, एखादं अक्षर गळलं की जिभेला लगेच कळतं. पण पाचव्या स्कंधात पानंच्या पानं गद्य आहे. तिथे वृत्ताचा आधार नाही, पाठ घसरतो तो तिथेच. ‘विद्यावतां भागवते परीक्षा’ म्हणतात ते उगाच नाही. व्यासपीठावरून हा हिशेब जरूर सांग. ‘विदुषी’ म्हटल्याने जे कळत नाही ते यातून कळतं.

आणि याच भागवतात, पहिल्या स्कंधाच्या चौथ्या अध्यायात, एक ओळ आहे: ‘स्त्रीशूद्रद्विजबन्धूनां त्रयी न श्रुतिगोचरा’. स्त्रिया, शूद्र आणि नावापुरते द्विज यांच्या कानी वेद पडायचे नाहीत, म्हणून व्यासांनी महाभारत रचलं. अनंतशास्त्र्यांची सीमा नेमकी हीच होती. काव्य, व्याकरण, पुराणं, इतिहास मुलींना खुशाल शिकवा. वेद मात्र नाही. दुसरी सीमा बाहेरच्या जगाची: इंग्रजी नको, म्लेंच्छांची संगत नको, पोट भरायचा कुठलाही धंदा नको. या दोन्ही सीमा लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यांच्यावरच येऊन आदळतं.

पोट कसं भरत होतं, हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. कुटुंब पुराणिकाचं होतं. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा घाटावर बैठक मांडायची, समोर पोथी घ्यायची आणि मोठ्याने, सुरात संस्कृत वाचायचं. अर्थ सांगायलाच हवा असं बंधन नाही, कानावर पडलं तरी पुण्य. लोक येतात, क्षणभर बसतात, पोथीला आणि पुराणिकाला नमस्कार करतात, फुलं, फळं, कापड, पैसे ठेवून जातात. पुराणिकाने मान वर करायची नाही, मागायचं तर नाहीच. बाप, आई, भाऊ श्रीनिवास, पुढे रमाही, सगळी वाचणारी. मिळकत चांगली होती. खर्च भागून उरेल ते यात्रेत आणि ब्राह्मणांना दान करण्यात जाई. शिल्लक ठेवायची सवय कोणालाच नव्हती.

या धंद्याची मेख अशी की तो पूर्णपणे लोकांच्या भरल्या घरावर चालतो. दुष्काळ पडला की ताटात पहिली कपात पुराणिकाची. रमाबाई स्वतःच्या घरची उपासमार १८७४ पासून धरतात. शास्त्रीबुवांची दृष्टी गेली होती, पुढे चालून घर सावरणारा कोणी नव्हता. अशा वेळी या कुटुंबाने काय करावं? पोथ्यांत सांगितलेले उपाय. जप, अनुष्ठानं, तीर्थस्नानं, दानं. जवळचा पैसा त्यात घातला, मग दागिने विकले, मग तांब्या-पितळेची भांडी. फळ आलं नाही. भीक मागणं ब्राह्मण्याला शोभत नाही, हमाली जातीला शोभत नाही, दुसरं काही येत नाही. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायची ठरवली. तेव्हा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. जातीचा अभिमान त्या घरात पहिल्यांदा मोडला तो तिथे. जलसमाधी टळली, पण वडील त्यातून उठले नाहीत. काही महिन्यांनी आई गेली. तिरडी उचलायला दोनच ब्राह्मण पुढे आले, तिसरा खांदा श्रीनिवासचा, चौथा रमाचा. ती ठेंगणी, म्हणून दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैल लांब. मोठी बहीण कृष्णाबाईही गेली. तिचं लग्न लहानपणी लावलं होतं आणि ते वाईट ठरलं होतं, म्हणूनच रमाचं लग्न वडिलांनी लांबवलं. सोळा वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी त्या काळी जवळजवळ अशक्य गोष्ट होती. मला विचारशील तर पुढची रमाबाई शक्य झाली ती यामुळेही.

मग बहीण-भाऊ चालत निघाले. पंजाब, राजपुताना, काश्मीर, पुढे पूर्वेला, मिळून सुमारे ४,००० मैल. श्रीनिवासला नोकरी मिळे तेव्हा महिना चार रुपये. कधी भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ, कधी रानबोरं, बिया आणि सालीसकट. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोकी सोडून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

यात्रेतला एक प्रसंग मात्र पूर्ण सांग. एका पवित्र तळ्यात तरंगते डोंगर होते. निष्पाप माणूस काठावर उभा राहिला की डोंगर त्याच्याकडे सरकत येतो, अशी ख्याती. पाण्यात उतरू नका, मगरी आहेत, असं पुजारी बजावत. एके दिवशी पहाटे, पुजारी यायच्या आधी, श्रीनिवास पोहत गेला. तराफे होते. वर दगडमाती, मातीत लावलेली झाडं. यात्रेकरूने दक्षिणा दिली की मागून माणूस तराफा ढकलत असे.

रमाबाईंचं हेच वैशिष्ट्य मला सर्वांत मोठं वाटतं. त्यांनी दुरून टीका केली नाही. सांगितलेलं प्रत्येक व्रत, प्रत्येक नेम आधी तंतोतंत पाळला, फळाची वाट पाहिली, आणि मग हिशेब मांडला. तोही एका झटक्यात नाही. व्रतांवरचा आणि ती सांगणाऱ्या पोथ्यांवरचा विश्वास ओसरला, तरी जातीचे नियम आणि पूजा चालूच होती. त्या सैल झालेल्या श्रद्धेमुळेच कामधंदा आणि बाहेरची विद्या निषिद्ध वाटेनाशी झाली. आज ज्याला आपण साधक म्हणतो तो मला या टप्प्यात दिसतो.

आता तुझं कलकत्ता. १८७८ मध्ये पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, हे तू छान मांडलंस. पण त्याच शहरातल्या आणखी दोन गोष्टी घे. पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर प्रवचन द्या असं पंडितांनी सुचवलं, म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्र पहिल्यांदा नीट वाचलं. त्यांना दिसलं की बाकी सगळ्यावर ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, एकमत आहे ते एवढ्यावर की बाईची जात वाईट, आणि पतीच्या सेवेवाचून तिला गती नाही. दुसरी गोष्ट ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांची. वेद वाचलेत का, असं त्यांनी विचारलं. स्त्रीला तो अधिकार नाही, असं रमाबाई म्हणाल्या. सेन यांनी वेदाची एक प्रत हातात ठेवली. वडिलांनी आखलेली सीमा त्या दिवशी ओलांडली गेली. पण वेद आणि उपनिषदं वाचूनही समाधान झालं नाही, उलट अस्वस्थता वाढली. त्याच सुमारास एका ख्रिस्ती मेळाव्यात माणसं खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटताना दिसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असंच भावंडांना वाटलं. भेट मिळालेलं संस्कृत बायबलही त्यांना वाचवेना. १८७८ मध्ये ख्रिस्ती धर्माची ओढ इतपतच होती, हे श्रोत्यांना कळू दे.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. १३ जूनला पाटण्याच्या बांकीपूरला बिपिनबिहारी मेधवी या ब्राह्मणेतर वकिलाशी लग्न झालं ते १८७२च्या तिसऱ्या कायद्याखाली. या कायद्याची अट काय होती, ते आवर्जून वाचून दाखव: आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कुठल्याही धर्माचे नाही, असं वधूवरांनी जाहीर करायचं. म्हणजे बाप्तिस्म्याच्या तीन वर्षं आधी रमाबाईंनी सहीनिशी सांगितलं होतं की आपण हिंदू नाही, आणि ख्रिस्तीही नाही. पुढची तीन वर्षं या रिकाम्या जागेतली आहेत. आसामातल्या सिल्चरच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका हाती लागली, ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी येऊन उत्पत्तीची कथा समजावू लागले, आणि ती पुराणांतल्या सृष्टिकथांहून वेगळी म्हणून मनात राहिली. नवऱ्याला हे उघडपणे झालेलं नको होतं. १६ एप्रिल १८८१ ला मनोरमा जन्मली, ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने बिपिनबाबू गेले, आणि त्याच वर्षी मायलेकी पुण्याला आल्या.

एक सावधगिरी. यातला बराच भाग त्यांच्या १९०७च्या आत्मकथनातून येतो. तेव्हा त्या जवळजवळ पन्नाशीच्या, पक्क्या ख्रिस्ती, आणि ते लिखाण साक्षीच्या रूपातलं, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ते सांगणारं आहे. पुजाऱ्यांबद्दल त्यात धार आहे. वडिलांबद्दल मात्र शेवटपर्यंत माया आहे. कर्मठ होते पण आपल्या परीने सुधारक होते, असं त्या स्वच्छ लिहितात. श्रोत्यांतून कोणी शास्त्रीबुवांना खलनायक करू लागलं तर हे सांग. आणि तारखा जपून वापर: सरकारी नोंदीतला मद्रासकडचा मोठा दुष्काळ १८७६–७८ चा, रमाबाईंची उपासमार त्याआधी सुरू झालेली. दोन्ही एकत्र करून ‘मोठ्या दुष्काळात आईवडील गेले’ असं म्हणू नकोस, कोणीतरी वर्षं विचारेलच.

एक तासाचं भाषण असेल तर चाळीस मिनिटं सिल्चरपर्यंत दे. वाँटेजला दहा पुरतात. नवा आराखडा झाला की पाठव, लगेच वाचतो.

तुझा,
अविनाश