सवलतीचं कूपन नको, उत्तर द्या

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संचालक मंडळ, फुटबॉल क्लब, इंग्लंड
प्रत : व्यवस्थापक, भारतातील सभासद कक्ष, मुंबई

विषय : सभासदांशी ठरलेले दोन संवाद न होणे आणि काल रात्री फोनवर मिळालेलं उत्तर

महोदय,

काल रात्री ९ वाजून १० मिनिटांनी तुमच्या मुंबईच्या कक्षातून फोन कट केला गेला. माझं बोलणं अर्धवट होतं. या महिन्यातला तो चौथा फोन. तक्रार क्रमांक चारही वेळा मागितला, एकदाही मिळाला नाही. म्हणून आता लेखी देतो. मराठीत लिहितोय, कारण सभासदत्वाच्या माहितीपत्रकावर 'आपल्या भाषेत कळवा' असं तुम्हीच छापलंय. भाषांतर करून घ्या, पण पूर्ण पत्राचं करून घ्या.

गुणतक्ता तुमच्यासमोर आहे, त्यामुळे तो इथे उतरवत नाही. तळातून दुसरे आहोत, पाच सामने उरलेत आणि प्रीमियर लीगच्या वीस संघांतले शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात. या हंगामात तिसरा प्रशिक्षक चालू आहे. जानेवारीतली खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत संपायला दोन दिवस असताना सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू विकला आणि त्याच्या जागी कुणालाही घेतलं नाही. हे सगळं तुमच्या सहीने झालंय. का झालं, एवढंच आम्हाला विचारायचं होतं. विचारायची जागाही तुम्हीच ठरवून दिली होती आणि तिचे पैसे घेतले होते.

परदेशी सभासदाला हंगामात तीन वेळा संचालकांशी ऑनलाइन संवाद मिळेल, हे सभासदत्वाच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. पहिला सप्टेंबरमध्ये झाला. त्यात बराच वेळ नवीन जर्सी आणि प्रायोजक यांच्यावरच गेला, तरी झाला. दुसरा जानेवारीत होता, तो आदल्या दिवशी ईमेल पाठवून रद्द केला. खेळाडू विकला तो त्याच आठवड्यात. तिसरा मार्चमध्ये होता, त्याच्या रद्द होण्याचा तर ईमेलसुद्धा आला नाही.

त्या मार्चच्या रात्रीबद्दल जरा सांगतो, कारण तुम्हाला ते दिसलेलं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तुमच्याकडचे संध्याकाळचे ५ म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेदहा. आम्ही सहा जण जमलो होतो. त्या पाळीला मी चार माग बंद ठेवले, कारण ते चालू असले की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. बांधून ठेवलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला. एकाने वहीत सात प्रश्न लिहून आणले होते आणि कुणी कुठला विचारायचा हे वाटून घेतलं होतं. इंग्रजी चुकू नये म्हणून माझ्या मुलाने त्याचा प्रश्न दोनदा मोठ्याने म्हणून बघितला. तो नववीत आहे. पडद्यावर एकच ओळ होती : यजमान येण्याची वाट पाहत आहोत. साडेदहाचे सव्वाअकरा झाले. मग पडदा आपोआप बंद झाला. मुलाने वही मिटली आणि विचारलं, "पप्पा, ते विसरले का?" मी म्हटलं, काहीतरी अडचण आली असेल, कळवतील. आजपर्यंत कळवलेलं नाही.

आता कालच्या फोनवर येतो.

मी विचारलं, राहिलेले संवाद कधी होणार? तिकडचा मुलगा म्हणाला, "सर, या सीझनला आता शेड्यूल नाहीये." मी म्हटलं, पैसे तर पूर्ण सीझनचे घेतलेत. तो म्हणाला, "सर, पुढच्या सीझनच्या जर्सीवर आपल्याला २० टक्क्यांचं कूपन देता येईल." मी विचारलं, पुढच्या सीझनला आपण कुठल्या लीगमध्ये असणार? "ती माहिती माझ्याकडे नाही सर." मग संचालकांपैकी कुणीतरी चाहत्यांसमोर येऊन बोलणार आहे का? "ती माहितीही माझ्याकडे नाही सर." मी म्हटलं, ज्याच्याकडे आहे त्याला द्या फोन.

त्याने फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नाही. शेजारच्याला तो म्हणाला, "सोलापूरवाले परत." आणि कुणीतरी हसलं. ते हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

परत फोनवर येऊन तो म्हणाला, "सर, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही सोलापूरला राहता ना? क्लब खाली गेला तर तुम्हाला तिथे काय फरक पडतो? मॅच मोबाईलवर दिसेलच की." मी सांगायला लागलो की फरक काय पडतो, तेवढ्यात फोन कट झाला.

जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

अकरा वर्षं मी हा क्लब बघतोय. थंडीत शनिवारी तुमची दुपारी ३ ची मॅच आमच्याकडे रात्री साडेआठला लागते आणि आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी पावणेआठची मॅच रात्री सव्वा एकला. सव्वा एकला बघायची आणि सकाळी सातला कारखान्याचं शटर वर करायचं, असं अकरा वर्षं चाललंय. शनिवारी ३ ची मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. म्हणजे स्टेडियममागच्या गल्लीत राहणाऱ्या तुमच्या म्हाताऱ्या चाहत्याला जी मॅच घरात बसून दिसत नाही, ती मला इथे दिसते. हे मला नेहमी लक्षात असतं. त्याच्या वाट्याचंही आपण बघतोय असं वाटतं, म्हणून अर्ध्यावर उठत नाही. तीन गोलांनी मागे असलो तरी उठत नाही. खाली गेलो तर हे सगळं जाणार आहे, कारण चॅम्पियनशिपचे, म्हणजे खालच्या लीगचे, सगळे सामने इथे दाखवत नाहीत. हा फरक पडतो.

आणि चादर. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून जेकार्ड मागावर क्लबच्या दोन रंगांत सोलापुरी चादर विणून घेतली. मधोमध क्लबचं चिन्ह. चिन्हाच्या एका कोपऱ्यातला दोरा पहिल्या वेळी चुकला, म्हणून विणकराने ती आख्खी चादर बाजूला ठेवली आणि दुसरी विणली. जुन्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, सोलापूरच्या नावाने परदेशात जाणार, तर चुकलेली नको. कुरिअरला चादरीपेक्षा जास्त पैसे लागले. ती तुम्ही स्टँडमध्ये टांगली, फोटो काढला आणि हंगाम सुरू होताना जाहिरातीत वापरला. खाली लिहिलं होतं, 'आमचं जगभरचं कुटुंब'. तो फोटो आजही माझ्या कारखान्यात लावलेला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही कुटुंब होतो. एप्रिलमध्ये 'सोलापूरवाले परत' झालो.

फोनवरच्या त्या मुलावर कारवाई करू नका, ही माझी विनंती आहे. त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय त्यावर कूपनशिवाय दुसरं उत्तरच लिहिलेलं नाही. तो कागद तुम्ही लिहिलाय. माझा राग तुमच्यावर आहे.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी अडचणीत आहे हे आधी वर्षभर सगळ्यांना जाणवत होतं. कापूस कमी यायला लागला होता, पगार पुढे ढकलला जात होता. विचारायला गेलं की "वरून काही कळलेलं नाही" हेच उत्तर. शेवटी एका सकाळी फाटकावर नोटीस लागलेली होती. वडील डबा तसाच घेऊन घरी आले आणि दुपारी तो उघडून जेवले. मालकांना तोटा झाला म्हणून त्यांनी कधी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शेवटपर्यंत एकच म्हणायचे, आधी सांगायला पाहिजे होतं. फुटबॉल क्लब आणि गिरणी एक नाही, हे मला कळतं. पण तुमचं गप्प बसणं मला ओळखीचं आहे, आणि त्याचा शेवटही मी बघितलेला आहे.

खाली गेलेला क्लब लगेच वर येतो असं धरून चालला असाल तर इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लीड्स २००१ साली चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. २००४ मध्ये तो खाली गेला आणि वर यायला २०२० उजाडलं. सुंदरलंड २०१७ मध्ये खाली गेला, २०१८ मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि प्रीमियर लीगमध्ये परतला तो २०२५ मध्ये. लीस्टर २०१६ ला विजेता आणि २०२३ ला खाली. आमच्या महाराष्ट्रात तर ही गोष्ट घरची आहे. १९९५ साली लीग जिंकलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१० मध्ये पुण्याच्या कुक्कुटपालन उद्योगातल्या कुटुंबाने घेतला. मे २०१२ मध्ये स्वतःच्याच मैदानावर विगनकडून एका गोलाने हरून तो खाली गेला आणि त्या मॅचला चाहत्यांनी मैदानात कोंबडी सोडली. ती बातमी वाचताना इथे अनेक जण हसले होते. आज मला ते कोंबडी सोडणारे समजतात. विचारायला जागाच उरली नाही की माणूस कोंबडी घेऊन जातो.

तुम्हाला निदान पॅराशूट पेमेंट आहे. प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक क्लबला प्रक्षेपणाच्या पैशांचा जो समान वाटा मिळतो, त्यातले खाली गेलेल्या क्लबला पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के मिळतात. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईला किंवा स्टेडियममध्ये चहा विकणाऱ्याला असं काही मिळत नाही. त्यांच्याशी तरी बोललात का?

आमच्या शेजारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात. तिथे संघ हरला की तालमीच्या पदाधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी पेठेतूनच जायचं असतं आणि लोक तोंडावर विचारतात. तो उत्तर देतो, कधी भांडतो, पण तोंड चुकवून पेठेत राहता येत नाही. तुमच्याकडे तर हे नियमात आहे. प्रीमियर लीगच्याच मानकानुसार प्रत्येक क्लबला चाहत्यांचं सल्लागार मंडळ लागतं आणि चाहत्यांशी संवादाची जबाबदारी संचालक पातळीवरच्या एका माणसावर द्यावी लागते. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदाही केला. मग तो माणूस कोण? मार्चमध्ये रात्री साडेदहाला पडद्यावर यायचं होतं ते त्यालाच का? त्याचं नाव मी चारही फोनवर विचारलं. चारही वेळा माहिती नाही.

म्हणून माझ्या मागण्या. राहिलेले दोन्ही संवाद शेवटच्या सामन्याआधी घ्या. दोन्ही जमत नसतील तर एक घ्या, पण त्यात जर्सीचा विषय नको. तो खेळाडू का विकला, बदली का आणला नाही आणि खाली गेलो तर पुढच्या वर्षाची तयारी काय, ही तीन उत्तरं द्या. खाली गेल्यावर कामगार कपात करणार असाल तर तेही त्याच बैठकीत सांगा. फाटकावर नोटीस लावू नका. आणि माझ्या कार्डावरून १ जूनला पुढच्या वर्षाची फी आपोआप कापली जाणार आहे, ते थांबवा. संवाद झाल्यावर मी स्वतः भरेन, क्लब कुठल्याही लीगमध्ये असला तरी भरेन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवणार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमच्या प्रतिनिधीला सोलापुरात यावं लागेल. फीची रक्कम मोठी नाही. वकिलाने पण तेच सांगितलं. तरी जाणार, कारण पैसे घेऊन न दिलेल्या गोष्टीला कूपन देऊन मिटवता येत नाही.

अजून पाच सामने आहेत. २००३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण घेऊन खाली गेला होता आणि २००५ मध्ये वेस्ट ब्रॉम ३४ गुणांवर वाचला, नाताळला तळाशी असताना. त्यामुळे खेळाडूंवर माझा राग नाही आणि आशाही सोडलेली नाही. येत्या शनिवारी साडेसातला आम्ही सहाही जण टीव्हीसमोर असू. ती वही माझ्याकडे आहे. सात प्रश्न त्यात तसेच आहेत, त्यांची प्रत या पत्राला जोडली आहे. चौथा प्रश्न माझ्या मुलाचा आहे. बाकीच्या प्रश्नांसाठी वेळ नसेल तर आधी त्याला उत्तर द्या.

आपला,
एक सभासद
अक्कलकोट रोड, सोलापूर

सोबत : सभासदत्वाच्या पावतीची प्रत, जानेवारीचा रद्द झाल्याचा ईमेल, मार्चच्या रात्रीच्या पडद्याचा फोटो, सात प्रश्न