वृत्तालेख बोलताही हवा

संपादक महोदय,

मी मोबाईल अ‍ॅप तयार करण्याचे काम करते. मध्यंतरी खर्चाची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट, हवा होता. तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला कोड, न वापरता कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवरचा तो घटक, स्वतःच लिहायला घेतले. अँड्रॉइडच्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, शून्य अंश घड्याळातल्या तीनच्या जागी असतो. पहिला तुकडा बारापासून सुरू व्हावा म्हणून आरंभ उणे ९० अंशांवर धरला. टक्केवारीला ३.६ ने गुणले की तुकड्याचा कोन मिळतो. तीन सारखे वाटे असले की ३३, ३३, ३३ दिसतात आणि बेरीज ९९ भरते, तेही निस्तरले. बोट कुठल्या तुकड्यावर टेकले हे केंद्रापासूनच्या कोनावरून ओळखता येऊ लागले, तेव्हा काम झाले असे मी धरून चालले.

चाचणी करणारे आमचे एक सहकारी दृष्टिहीन आहेत. ते टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचे बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लावून फोन वापरतात. त्यांनी बोट सरकवले, फोन म्हणाला, "या महिन्याचा खर्च." पुन्हा सरकवले, "नवीन नोंद, बटण." ते म्हणाले, "मॅडम, चार्ट अजून लावला नाही का?" अर्धा स्क्रीन व्यापणारे ते वर्तुळ त्यांच्यासाठी नव्हतेच. मला फार वाईट वाटले.

कारण साधे आहे. फोनसोबत येणारी तयार बटणे आणि मजकुराच्या चौकटी आपण कोण आहोत हे टॉकबॅकला आपणहून सांगतात. आपण कॅनव्हासवर हाताने काढलेले चित्र मात्र त्याच्या लेखी नुसता रंग असतो. प्रत्येक तुकड्याचे नाव, आकडा आणि स्क्रीनवरची जागा वेगळी कळवावी लागते. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये सोय आहे, आयफोनवरच्या तशाच व्हॉइसओव्हरसाठीही आहे. मला दोन दिवस लागले. आता फोन "प्रवास, ४२ टक्के, चारपैकी पहिला" असे वाचतो. त्याच ओघात तुकड्यांमध्ये पांढरी रेघ घातली आणि नावे तुकड्यांवरच लिहिली, कारण लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना कडेच्या रंगसूचीचा काही उपयोग होत नाही.

हे आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, निवडणूक निकाल आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी वृत्तपत्रांच्या अ‍ॅपवर असे वृत्तालेख हमखास येतात, आणि पुष्कळदा ते निव्वळ चित्र म्हणून चिकटवलेले असतात. स्कॉटिश अर्थतज्ज्ञ विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ साली वृत्तालेख छापला तेव्हा हाताशी फक्त कागद होता. आज वाचकाच्या हातातला फोन मजकूर वाचून दाखवतो, त्याला तो मजकूर पुरवायला हवा. आपल्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक वृत्तालेखाखाली तेच आकडे साध्या मजकुरात द्यावेत आणि ते मोठ्या वाट्याकडून लहानाकडे लावावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक