मँचेस्टरहून आल्यावर, बंड्याला

प्रिय बंड्या,

मँचेस्टरला काय झालं म्हणून तुझे तीन व्हॉइस मेसेज आले अन् मी एकालाही उत्तर दिलं नाही, चिडला असशील, चिड. पण फोनवर सांगायला गेलो की तू मधातच "अबे पॉइंटवर ये" म्हणतोस आणि या गोष्टीला पॉइंट असा एक नाहीच, म्हणून लिहूनच पाठवून राहिलो. चहा घेऊन बस.

मी हिस्ट्री काऊन घेतली ते तुला माहीतच आहे, दुसरीकडं नंबर लागला नाही म्हणून. 1817 सीताबर्डीची लढाई, 1854 नागपूर खालसा, पाठ करा, पेपरात ओका, विसरा. लायब्ररीत मी फक्त पंख्याखाली झोपायला जायचो, तूच उठवायचा. मग हा कापसाच्या इतिहासाचा कोर्स आला, त्यात सहा आठवडे मँचेस्टर, अर्धी फी माफ, बाकीचे बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं. खरं सांगू का, मी फॉर्म भरला तो मँचेस्टर युनायटेडचं फुटबॉल स्टेडियम बघायला मिळेल म्हणून. बाहेरून पाहिलं. तिकीट परवडलं नाही.

जाताना मी डोक्यात भाषण तयार करून गेलो होतो, तुम्ही आम्हाला लुटलं वगैरे. पहिलाच निबंध त्यावर ठोकला, इंग्रजांनी विणकरांचे अंगठे कापले, आमच्या नागपूरच्या कोष्ट्यांचेही कापले असतील. मॅडमनी बाजूला पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, पुरावा? आपण तर लहानपणापासून ऐकत आलो ना बे, पुरावा काय मागते ही बाई, रात्रभर डोकं फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी शोधायला बसलो तर पुरावा म्हणून एक 1772 चं पुस्तक सापडलं, तेही बंगालचं, आणि त्यात काय तर रेशीम गुंडाळणारे कंपनीची सक्ती टाळायला स्वतःच स्वतःचे अंगठे तोडून घेत. म्हणजे गोष्ट भयंकरच आहे, पण आपण सांगतो ती नाही. अन् नागपूरचं तर त्यात नावही नाही. भर वर्गात सांगावं लागलं की माझं चुकलं. मी, ज्यानं दहावीच्या निकालाच्या दिवशीही चूक कबूल केली नव्हती.

पण खोदता खोदता भलतंच हाती लागलं. रिव्हेट-कार्नाक नावाचा साहेब होता, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. हा 1860 च्या दशकाच्या शेवटी सरकारला शांतपणे लिहितो की इकडं रेल्वेचा फाटा झाला की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, मग सूत कातणारे आणि विणणारे मोकळे होतील, त्यांना शेतीवर लावता येईल, जंगल तोडून कापूस वाढवता येईल. रागानं नाही बरं का, हिशेब मांडल्यासारखं. अंगठा कापायची गरजच काय होती मग? मी ते तीनदा वाचलं. आमच्या टिमकीतल्या घरात मागच्या खोलीत जो खड्डा आहे ना, आई ज्याच्यावर फळी टाकून तांदळाची कोठी ठेवते, तो हातमागाचा खड्डा आहे हे मला माहीत होतं. पण माग कधी उठला, काऊन उठला, हे मी चोवीस वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं.

आणि भाषण अर्धवटच राहिलं ते वेगळ्याच कारणानं. वर्गात एक पोरगी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमची. ती म्हणाली, अमेरिकेत 1861 ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या खानदानातले लोक सूपच्या रांगेत उभे होते. लँकेशायरच्या मिलमधला बहुतेक कापूस अमेरिकेचाच, गुलामांच्या हातचा, त्यामुळे मिलच्या मिल बंद. तरी मँचेस्टरच्या कामगारांनी 1862 च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पाठिंबा दिला, त्यानं उत्तर पाठवलं, आज तिथं चौकात त्याचा पुतळा आहे. आणि बंड्या, ती लोकं उपाशी असताना इकडं आपल्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव! चार वर्षं मजा. 1865 ला युद्ध संपलं की भाव कोसळला, आणि रेल्वे नागपूरला पोचली 1867 ला, म्हणजे वरात गेल्यावर घोडा आला. तिच्या पणजीच्या पणजीला आपल्याकडचा कापूस आवडायचा नाही म्हणे, आखूड धागा, सारखा तुटायचा. सगळ्या हिंदुस्थानी कापसाला तिकडं "सुरत"च म्हणायचे, मग तो आपल्या हिंगणघाटचा का असेना. आता हिला मी लुटारू कसं म्हणू? आणि कार्नाकसाहेबाला माफ तरी कसं करू? अजून सुटलेलं नाही हे मला.

बरं, आता मुख्य गोष्ट. तिथल्या म्युझियममध्ये जुने माग चालवून दाखवतात. एकच माग चालू केला त्या माणसानं, आणि छातीत धडधडायला लागलं एवढा आवाज. मग तो म्हणाला, असे शेकडो एका हॉलमध्ये असायचे, म्हणून बायामाणसं ओठांवरूनच बोलायची, तोंड मोठं करून, एकेक अक्षर ताणून. त्याला नाव पण आहे, मी-मॉ. आणि त्यानं करून दाखवलं.

अबे ते आमचे आजोबा होते, आबाजी! हुबेहूब. आठवतं तुला, आपण गल्लीत त्यांची नक्कल करायचो? "जे-व-ला का-य" असं तोंड वासून, आवाज न काढता, आणि तू हसून हसून नालीत पडला होता. आम्ही घरातले सगळे समजायचो म्हातारा नौटंकी करते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये एकतीस वर्षं मागखात्यात काढली त्यांनी, कान तिथंच गेले, आणि आमच्या घरात एकालाही वाटलं नाही की ते बोलणं तिथून आलं असेल. मी त्या मागासमोर उभा होतो आणि मला इतकी लाज वाटली की चष्मा पुसायच्या बहाण्यानं बाहेर जाऊन उभा राहिलो. पाऊस होताच.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं आबाजी माग पाहून रडतील बिडतील. कसलं काय. निरखून पाहिलं, त्या माणसाकडं बोट केलं आणि विचारलं, "याले पगार किती देते? पीएफ कापते का?" मी इंग्रजीत विचारलं, तो माणूस खूप हसला, कापतात म्हणाला. आबाजींनी मान हलवली, पसंती दिल्यासारखी. मग पहिल्यांदाच मी फोनसमोर तोंड मोठं करून, आवाज न काढता विचारलं, ज-शी ही अ-स-ते त-शी-च हो-ती का? ते दोन सेकंद थांबले. आणि त्याच भाषेत उत्तर दिलं. सांगत नाही काय म्हणाले, घरी ये, तेच सांगतील.

आता रविवारी सकाळी तर्री पोहे झाले की त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवतो. भयंकर वैतागतात. तारखा चुकवतात, मिल 1877 ला राणीच्या नावानं सुरू झाली हे मात्र पाठ, आणि ज्या गोष्टीची मला गरज असते तिथं हमखास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीवर घसरतात. आधी मी त्यांना ओढून विषयावर आणायचो, आता नाही आणत, मारबत तर मारबत. परवा एक तास फक्त मागावर सुताची कांडी घेऊन पळणारा धोटा उडून कोणाचा डोळा गेला आणि त्याच्या बायकोनं मग काय केलं यावर बोलले. पाठ्यपुस्तकात ती बाई कुठंच नाही. आईनं मधात येऊन तिचं नाव सांगितलं, म्हणजे आईलाही माहीत होतं!

पुढं पीएचडी करणार का म्हणून विचारत होतास. माहीत नाही. बाबांचं कर्ज आहे डोक्यावर, एका कोचिंगमध्ये शिकवायला लागलो आहे.

एक काम कर. तुझ्या मोठ्या काकांकडं मिलचा पितळी बिल्ला होता, नंबरवाला, आपण त्याच्यानं भोवरा खेळताना रेघ मारायचो. भंगारात गेला का पाहा. आणि पोळ्याला येशील तेव्हा काकांना घेऊन ये, आबाजी म्हणतात त्यांचा माग खिडकीजवळचा होता आणि काका म्हणतात त्यांचा, एकदा समोरासमोर होऊनच जाऊ दे.

तुझाच,
पंख्याखाली झोपणारा