बाटलीवर प्रवाळाचाही पत्ता हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी हाडे विरळ झाल्याचे तपासणीत निघाले आणि डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. घराजवळच्या औषधाच्या दुकानात मुलाने भलतीच बाटली पुढे केली. "काकू, हे कोरल कॅल्शियम घ्या. समुद्रातलं, एकदम नैसर्गिक." किंमत साध्या गोळ्यांच्या चौपट. मी विचारले, कोणत्या समुद्रातले? त्याने बाटली सगळीकडून फिरवून पाहिली. कंपनीचा पत्ता होता, प्रवाळाचा (म्हणजे कोरलचा) नव्हता.

मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. बाटली विकत घेतली, एक कॅप्सूल फोडून भुकटी व्हिनेगरमध्ये टाकली, दुसऱ्या वाटीत साधी गोळी कुटून टाकली. दोन्ही वाट्या सारख्याच फसफसल्या. त्यात नवल नाही. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि साध्या गोळीतली चुनखडीही तेच. त्यात वजनाने ४० टक्के कॅल्शियम असते, मग ते खाणीतून येवो की समुद्रातून. प्रवाळात मॅग्नेशियम वगैरे थोडे असते, पण त्यासाठी समुद्राचा तळ उकरावा इतके नक्कीच नाही. कोरल कॅल्शियमने कर्करोग बरा होतो अशा जाहिराती करणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेने) २००३ मध्ये दावा लावला होता, हेही वाचकांना माहीत असावे.

काही वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून मी जिवंत प्रवाळ पाहिले. त्यांच्या कपारींतून बोटाएवढे मासे ये-जा करत होते. गोल दगडासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे हंड्याएवढा गोळा माझ्या नातीच्या वयाहून कितीतरी जुना. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवली आहेत.

विक्रेते सांगतात की माल जिवंत प्रवाळाचा नसतो, मेलेल्या किंवा जमिनीवरच्या जीवाश्म प्रवाळाचा असतो. जीवाश्माचा असेल तर माझी तक्रार बरीच कमी होते. पण मेलेला सांगाडाही लाटांचा जोर मोडतो, माशांना आसरा देतो. शिवाय आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परवान्यातून जीवाश्म प्रवाळाला सूट आहे, त्यामुळे नुसत्या तोंडच्या शब्दावर कसे विसंबायचे? बाटलीवर स्पष्ट छापा: प्रवाळ कोणत्या जातीचे, कोणत्या किनाऱ्यावरचे, जिवंत, मृत की जीवाश्म, आणि आयात असेल तर कोणत्या कागदावर आले. शिसे या विषारी धातूसाठी तपासणी केली असेल तर तेही.

हाच प्रश्न आयुर्वेदातली प्रवाळपिष्टी, म्हणजे लाल पोवळ्याची भुकटी, घेतानाही विचारायला हवा. ते लाल पोवळे तर त्याहून सावकाश वाढते, जाडीत वर्षाला मिलिमीटरभरही नाही. भूमध्य समुद्रात ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात ते तोडायला मनाई करावी लागली आहे.

मी आता साध्या गोळ्या घेते, जेवणाबरोबर. नाचणीची भाकरी आठवड्यातून चारदा होते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती फोडलेली बाटली घेऊन मी पुन्हा दुकानात गेले होते. मालकांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला आणि प्रवाळ कुठले ते विचारले. "कळवतो" असे उत्तर आले. त्याला आज तीन आठवडे झाले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे